धूळ बसेपर्यंत

आदिलाबादला आत्याच्या घराला उत्तरेकडे दोन खिडक्या आहेत. सागवानी चौकटी, उभे गज, बाहेर उघडणारी दोन-दोन झडपं आणि वर हवेसाठी सिमेंटची जाळी. हे घर बांधलं तेव्हा या मुलखात सागवानाला तोटा नव्हता, त्यामुळे लाकूड आजही खणखणीत आहे. पण लाकूड ते लाकूडच. पावसाळ्यात ते फुगतं, झडप हिसका दिल्याशिवाय लागत नाही. पाऊस सरला, कोरडा वारा सुटला की तीच झडपं आकसतात आणि चौकटीला लागून बोटाचं पेर मावेल एवढी फट पडते. शेजारचं जुनं दुमजली घर पाडायला काढलं ते नेमकं या फटींच्या दिवसांत, नवरात्र उलटून गेल्यावर.

आत्याला दमा आहे. तिने फोनवर फार काही सांगितलं नाही. देवघरातल्या मूर्तींवर सकाळी लावलेलं गंध दुपारी दिसेनासं झालं, एवढंच म्हणाली. मी नागपूरहून निघालो. पांढरकवडा मागे पडलं, पैनगंगेचा पूल ओलांडला आणि तेलंगण लागलं. राज्य बदललं तरी घरांची घडण लगेच बदलत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते तेव्हाच्या मुंबई राज्याच्या, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राच्या, वाट्याला आले आणि आदिलाबाद आंध्रात गेलं. कवेलूची छपरं, दगड-मातीच्या भिंती, सागवानी खिडक्या दोन्हीकडे सारख्याच. आता दोन्हीकडे सारख्याच पडताहेत.

घरात शिरल्यावर पायांना पहिल्यांदा कळलं. फरशीवर पीठ सांडल्यासारखा थर. आत्याने खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या, कडेला जुन्या साड्या कोंबल्या होत्या, तरी धूळ आत होती. ती नुसती दाराशी नव्हती. ती शिंकाळ्यावर, पंख्याच्या पात्यांवर, मिठाच्या बरणीच्या झाकणावर होती. "बंद करून उपयोग काय झाला रे?" हा तिचा प्रश्न. त्या प्रश्नाच्या मागे लागून मी पुढचे आठ दिवस तिथे राहिलो, आणि नंतरही बरंच वाचत, विचारत राहिलो.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही, की पाडकामाची धूळ एक नसते. शेजारच्या त्या घराचा खालचा मजला दगड आणि पांढऱ्या मातीचा होता, वर चुन्याचा गिलावा. वरचा मजला नंतर चढवलेला, विटा-सिमेंटचा. गच्चीवरच्या खोलीला सिमेंटचे पन्हाळी पत्रे. दारं-खिडक्यांना हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर. हे सगळं एकाच ब्रेकरखाली येतं आणि एकाच ढगासारखं दिसतं, पण त्यातला प्रत्येक कण वेगळं काम करतो. मातीच्या धुळीतले मोठे कण जड, लवकर बसतात. सिमेंट आणि चुना अल्कधर्मी असतात. ओल्या डोळ्याला, घशाला, घामेजल्या कातडीला ते झोंबतात ते त्यामुळे. वाळू आणि दगड यांत स्फटिक सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत जात राहिली तर फुप्फुसं निबर होतात, ज्याला सिलिकोसिस म्हणतात. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, म्हणजे त्याआधीच्या दारांवर काय आहे याची खात्री कोणी देऊ शकत नाही. रांगणारं मूल फरशीवर हात फिरवून तोंडात घालतं, त्या घरात ही गोष्ट हलकी नाही.

आणि पत्रे. गावोगाव ज्याला आपण नुसतं 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा छपरावर शाबूत आहे तोवर तो फारसा त्रास देत नाही. तो फोडला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोग घडवतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने निःसंदिग्ध सांगितलं आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य केला, त्यालाही आता तीन दशकं झाली. म्हणून पत्रा फोडायचा नसतो. आधी भिजवायचा, हूक-बोल्ट हाताने काढायचे आणि अख्खाच्या अख्खा खाली उतरवायचा. त्या घराचे पत्रे अजून उतरवायचे होते. मी पोहोचलो त्या दिवशी जेसीबीचं बकेट त्यांच्यापासून चार हात लांब होतं.

आदिलाबादला सिमेंटची धूळ नवी नाही. गावाच्या आसपास, पैनगंगेच्या खोऱ्यात, प्राचीन समुद्राच्या तळाशी साठलेला चुनखडक आहे. त्याच्याच जोरावर सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा कारखाना इथे ऐंशीच्या दशकात सुरू झाला आणि नव्वदच्या दशकात बंद पडला. तो पुन्हा चालू होईल हे आश्वासन निवडणुकीगणिक ऐकत एक पिढी म्हातारी झाली. दुसरी धूळ कापसाची. दिवाळीपासून पुढे मार्केट यार्डात कापूस येऊ लागतो, जिनिंगच्या बाजूच्या घरांत रुईचे तंतू उडत येतात. खिडकी कधी लावायची हे इथल्या बायकांना चांगलं माहीत असतं. पण कापूस डोळ्यांना दिसतो. पाडकामातली जी धूळ सगळ्यात खोल जाते ती दिसत नाही.

हे नीट समजायला थोडा हिशेब करावा लागला. आपला केस जाडीला पन्नास ते सत्तर मायक्रॉन. हवेच्या प्रदूषणाच्या आकड्यांत पीएम १० म्हणतात ते दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, पीएम २.५ त्याहून बारीक. दगडाच्या भुकटीचा दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण आठ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे दहा फुटी छतापासून फरशीवर यायला त्याला सहा-सात मिनिटं लागतात. अडीच मायक्रॉनचा कण तेवढंच अंतर उतरायला दीड तासाहून जास्त घेतो. एक मायक्रॉनचा कण दहा-अकरा तास, तेही हवा अजिबात हलली नाही तर. आणि माणसं वावरतात त्या घरात हवा कधीच थांबत नाही. ब्रेकर संध्याकाळी सहाला थांबला तरी रात्री जेवताना आपण त्याचीच धूळ आत घेत असतो, ती अशी. म्हणून काम थांबताक्षणी केरसुणी हातात घेणं ही सगळ्यात मोठी चूक. बसू पाहणारं सगळं पुन्हा वर येतं. थांबावं, आणि मग ओल्या फडक्यानेच पुसावं, बादलीतलं पाणी दर खोलीला बदलून. आत्या आयुष्यभर पहाटे झाडत आली. तिला हे पटवायला दोन दिवस गेले.

मग खिडक्या. सगळं घर बंद करता येत नाही, करूही नये. एक खोली निवडायची: जिथे आजारी माणूस झोपतं ती. आम्ही दक्षिणेकडची मधली खोली घेतली. फट कुठे आहे हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून पंखा बंद करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवली. जिथे धूर वाकतो तिथे फट. झडपेच्या कडेला आम्हाला अपेक्षा होती तिथे धूर वाकलाच. पण त्याहून जास्त वाकला तो चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात, जिथे गिलावा सुटला होता, आणि वायर आत येते त्या भोकाशी. त्या फटी कोणी पाहिलेल्याच नव्हत्या.

बाजारात फोमच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या चांगल्या, पण लाकूड आधी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं केलं तरच. धुळीवर चिकटवलेली पट्टी दुसऱ्या दिवशी लोंबते. चिकटपट्टी थेट लाकडावर लावली तर आदिलाबादच्या उन्हात तिचा गोंद वितळून रंगात बसतो आणि काढताना रंगासकट येतो. अखेर आत्यानेच उपाय काढला. मैद्याची पातळ खळ शिजवली, थोडा मोरचूद घातला म्हणजे कीड लागत नाही, आणि वर्तमानपत्राच्या चार बोटं रुंद पट्ट्या सांध्यांवर दुहेरी चिकटवल्या. शाळेच्या नोकरीत पुस्तकांना आणि नकाशांना तिने जन्मभर हेच केलं होतं. वाळल्यावर कागद ढोलासारखा ताणला गेला. काढायच्या वेळी ओलं फडकं फिरवलं की निघतो, लाकडाला ओरखडा नाही. वरच्या सिमेंटच्या जाळीला आतून प्लास्टिक आणि त्याच्या कडांना हीच पट्टी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असलेल्यांचं दुखणं वेगळं: दोन तावदानं एकमेकांवर येतात त्या उभ्या पट्टीतली लव झिजलेली असते आणि खालच्या खाचेत पाणी जायला भोकं असतात. धूळ तिथूनच येते, काचेकडे बघत बसून कळत नाही.

दाराला ओली चादर लावली. ती मोठे कण धरते, आणि ओली आहे तोवरच. तोंडावर बांधलेल्या दस्तीचंही तेच. बारीक कण कापडातून सरळ पार होतात. तिथे एन९५ मास्क लागतो आणि तो नाकाशी नीट बसावा लागतो.

पण सगळ्यात मोठी फट आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडली. ती खिडकीत नव्हती. ती स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट होता. तो घरातली हवा बाहेर फेकतो, म्हणजे तेवढीच हवा दुसरीकडून आत यावी लागते, आणि ती जिथे वाट मिळेल तिथून येते. आत्या धूर नको म्हणून सकाळभर तो चालू ठेवायची. म्हणजे आम्ही एका हाताने फटी बुजवत होतो आणि दुसऱ्या हाताने धूळ ओढून आत घेत होतो. पाडकाम चालू असताना तो बंद ठेवला आणि स्वयंपाक काम सुरू व्हायच्या आधी उरकला, तेव्हा फरक दिसला. सकाळी सातच्या आत पोळ्या झालेल्या. मात्र बंदिस्त खोलीत गॅस, कोळशाची शेगडी किंवा गॅसचा गिझर चालवायचा नाही. हे मी मोठ्याने लिहितो: धुळीपासून वाचायला म्हणून घेतलेली खबरदारी कार्बन मोनॉक्साइडने जीव घेऊ शकते.

कूलरचं गणित उलटं. तो बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे घरातला दाब किंचित वाढतो आणि फटींतून हवा आत यायच्या ऐवजी बाहेर जाते. कूलर पाडकामाच्या विरुद्ध बाजूला असेल तर तो मित्र. पाडकामाच्या बाजूला असेल तर त्याच्यासारखा वैरी नाही. ओलं गवत मोठी धूळ धरतं, टाकीत गाळ साठतो, पण बारीक कण थंड वाऱ्याबरोबर थेट उशीपर्यंत येतात. आमच्या सुदैवाने कूलरचे दिवस नव्हते. हेच पाडकाम मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकला असताना निघालं असतं तर? खिडक्या लावल्या तर माणूस उकडून मरेल, उघडल्या तर गुदमरेल. धुळीपासून घर बंद करा हा सल्ला थंड देशांत लिहिला जातो. आदिलाबादसारख्या गावात उन्हाळ्यात तो अमलात येत नाही, आणि ज्याच्याकडे एसी नाही त्याला तो देणंही निष्ठुरपणाचं आहे.

इथे आपला प्रश्न खिडकीतून बाहेर पडतो.

नोएडातले जुळे मनोरे पाडले ती २८ ऑगस्ट २०२२ची दुपार अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. अपेक्स आणि सियान, मोठा शंभर मीटरहून उंच. ३,७०० किलो स्फोटकं, दुपारी अडीच वाजता, नऊ-दहा सेकंदांत सगळं जमीनदोस्त, अंदाजे ८०,००० टन मलबा. शेजारच्या वसाहतींतली हजारो माणसं सकाळीच बाहेर काढली होती. सगळ्यात जवळची इमारत जेमतेम नऊ मीटरवर. पण तिथली घरं वाचली ती रहिवाशांनी खिडक्या लावल्या म्हणून नव्हे. समोरच्या इमारती जिओटेक्स्टाइल कापडाने अख्ख्या झाकल्या होत्या, पाण्याचे टँकर आणि धुकं फेकणाऱ्या तोफा उभ्या होत्या. जगाचं लक्ष असल्यावर हे सगळं होऊ शकतं. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबर २००१ला जे मनोरे कोसळले तिथे तयारीला वेळच नव्हता. खालच्या मॅनहॅटनमधली घरं धुळीने भरली आणि तिथल्या पर्यावरण संस्थेला पुढच्या वर्षी घरोघर सफाईची योजना आणावी लागली.

मुंबईत २०२३च्या ऑक्टोबरात हवा इतकी बिघडली, की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली होती. सत्तर मीटरहून उंच इमारतीभोवती पस्तीस फुटी पत्रा, आणि पाडकामासाठी तर स्पष्ट: इमारत वरपासून खालपर्यंत ताडपत्रीने, हिरव्या कापडाने किंवा तागाच्या कापडाने झाका आणि तोडताना सतत पाणी मारा. केंद्राचे नियमही आहेत. जानेवारी २०१८च्या अधिसूचनेत वाऱ्याला अडवणारी भिंत सांगितली आहे, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त दहा मीटर. मलबा उघडा ठेवायचा नाही, उघड्या ट्रकने न्यायचा नाही. २०१६च्या मलबा व्यवस्थापन नियमांत दिवसाला वीस टन किंवा महिन्याला तीनशे टनांहून जास्त मलबा काढणाऱ्यांना वेगळी जबाबदारी दिली होती. पाडकामाचं भारतीय मानकही आहे, आयएस ४१३०. आधी काचा काढा, वरून खाली एकेक मजला उतरवा.

वाचताना बरं वाटतं. मग लक्षात येतं, की या सगळ्याची नजर मोठ्या शहरांवर, मोठ्या प्रकल्पांवर आहे. २०१९ला सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शेजारचं चंद्रपूर आहे, आदिलाबाद नाही. हैदराबादेत जिडिमेटला आणि फतुल्लागुडा इथे मलबा दळून पुन्हा वापरात आणणारे प्रकल्प उभे राहिले. ते इथून तीनशे किलोमीटरवर. जिल्ह्याच्या गावी एक जुनं घर पडतं तेव्हा त्याला कोणी प्रकल्प म्हणत नाही. एक जेसीबी, एक मेस्त्री, सात-आठ मजूर, दोन ट्रॅक्टर. शेजाऱ्यांना कळतं ते पहिला दणका बसल्यावर. आणि अशी घरं या देशात दररोज किती पडत असतील, तालुक्यातालुक्यातून! मोठ्या मनोऱ्यांची एकदाच बातमी होते. छातीत जाणारी बरीचशी धूळ या बातमी नसलेल्या घरांची असते.

चौथ्या दिवशी सकाळी मी दाराशी उभा होतो. शेजारच्या घरधनिणीने, जिचं घर पडत होतं तिने, आपल्या उरलेल्या अंगणात पहाटेचा सडा घातला होता. तिच्या तेलुगूत कल्लापी, त्यावर तांदळाच्या पिठाची मुग्गू. आमच्याकडेही आत्याने सडा घातला होता, रांगोळी काढली होती. दोन्ही अंगणांत धुळीचा कण उडत नव्हता. आणि मध्ये कोरडी ठणठणीत भिंत, तिच्यावर तासाभरात ब्रेकर पडायचा होता. धूळ उडायच्या आधी पाणी शिंपडावं, हे दोन्ही घरांतल्या बायकांना न शिकवता येत होतं. भिंतीच्या कामावर पुरुष होते, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आत्या काठी टेकत गेली. शेजारीण तिला अक्का म्हणते, पंचवीस वर्षांचा घरोबा. भांडण वगैरे काही झालं नाही. आत्याने आपल्या बोअरची नळी कंपाउंडवरून पलीकडे दिली आणि मेस्त्रीला तेलुगूत एवढंच म्हणाली, "नीळ्ळू चल्लंडी." पाणी शिंपडा. मेस्त्री भला माणूस होता. त्याची अडचण खरी होती: पाण्याचा टँकर घेतला तर पैसे कोण देणार, आणि मातीची भिंत भिजवली तर ती अचानक बसेल. ते बरोबरच होतं. धार मारायची नसते. नळीच्या तोंडावर अंगठा धरून फवारा करायचा, जिथे ब्रेकर बसणार तिथे आधी आणि बसत असताना, मातीची भिंत नुसती ओलसर होईल एवढाच. ट्रॅक्टर भरतानाही पाणी, कारण भरताना उडणारी धूळ तोडताना उडणाऱ्या धुळीहून कमी नसते. वीज आधी तोडलेली हवी. पत्रे त्याने दोन माणसं चढवून बोल्ट काढून उतरवले, ओले करून, एकही न फोडता. अर्धा दिवस जास्त लागला. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी शेजारणीने आणि आत्याने निम्मी-निम्मी दिली.

पाचव्या दिवशी आमच्या फरशीवर बोटाने रेघ ओढली तर ती उठली नाही. आदल्या सगळ्या कागदी पट्ट्यांनी जे केलं नव्हतं ते एका नळीने केलं होतं.

घमेली वाहणाऱ्या तिघीजणी दुपारी आमच्या ओट्यावर भाकरी खायला बसत. त्यांच्या भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या. एकीचं तान्हं कडुनिंबाखाली साडीच्या झोळीत निजलेलं असे, ढिगाऱ्यापासून वीस पावलांवर. त्यांना लावून घ्यायला खिडकी नव्हती. बांधकाम मजुरांसाठी १९९६चा केंद्रीय कायदा होता, त्यात पाडकामही येत होतं; त्या तिघींपैकी एकीचीही नोंदणी झालेली नव्हती. आत्याने झोळी आमच्या मागच्या पडवीत बांधून घेतली. नळी आल्यावर त्या म्हणाल्या, आता डोळे चुरचुरत नाहीत. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त ज्यांना मिळायला हवं होतं त्यांना ते चार दिवस उशिरा मिळालं, आणि तेही शेजारी एक दमेकरी म्हातारी राहत होती म्हणून.

धनत्रयोदशीच्या आधी आम्ही पट्ट्या काढायला घेतल्या. ओलं फडकं फिरवलं, कागद मऊ होऊन निघत गेला, खालचं सागवान स्वच्छ. मागची, बाजूची, स्वयंपाकघरातली, एकेक खिडकी उघडली. उत्तरेकडच्या दोन खिडक्यांशी आत्या थांबली. पलीकडे मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीने पायाच्या रेघा आखल्या होत्या. खोदकाम होणार, मग सिमेंटची पोती उघडणार, मग महिनोन्‌महिने फरश्या कापणार. तिने हातातलं फडकं पिळलं, बादलीच्या काठावर टाकलं आणि खळीचं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवायला सांगितलं. त्या दोन खिडक्यांवर एकेक थर अजून चढवायचा होता. नळी तिने कंपाउंडवरच राहू दिली, तोंड पलीकडे करून.